कमरेपर्यंत पाणी, म्हणजे नेमके किती?

जो माणूस घटनास्थळी नव्हता, त्याला काही ठरवता यावे म्हणून तिथल्या माणसाने कळवलेली हकिगत म्हणजे अहवाल. तो तोंडी असतो, फोनवर असतो, चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, आणि दोनशे पानांचा, शिक्क्यासह बांधलेलाही असतो. अनौपचारिक अहवाल आणि औपचारिक अहवाल असे त्याचे दोन प्रकार शिकवले जातात. पहिला साध्या भाषेतला आणि छोटा, दुसरा जड भाषेतला आणि मोठा, अशी समजूत त्यातून होते. ती फारशी उपयोगाची नाही. दोन ओळींचा औपचारिक अहवाल असू शकतो आणि चार पानी ई-मेल पूर्णपणे अनौपचारिक असू शकतो. खरा फरक वाचणाऱ्यात असतो. लिहिणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे, त्यातले किती वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे, यावर अहवालाची घडण ठरते.

नाशिकमध्ये याचे एक उदाहरण दर पावसाळ्यात समोर येते. गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही शहराची जुनी पूरपट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, अशी बातमी घाटावरून निघते आणि काही मिनिटांत शहरभर पोचते. सराफ बाजारातल्या दुकानदाराला तेवढे पुरते. कमरेपर्यंत म्हणजे माल वर घ्यायचा की नाही, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मारुती बुडाला, एवढ्या दोन शब्दांत १९६९ आणि २००८ च्या पुरांची आठवण जुन्या नाशिककराला येते. अनौपचारिक अहवाल म्हणून याला तोड नाही. त्यात जागा आहे, प्रमाण आहे, तुलना आहे, आणि एकही आकडा नाही.

तेच पाणी वरच्या बाजूला वेगळ्या भाषेत मोजले जाते. अशोक स्तंभाकडून निघणारा गंगापूर रोड आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव असा गोदावरीच्या साथीने पश्चिमेकडे जातो आणि पुढे गंगापूर धरण लागते. १९६५ साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण. उपयुक्त साठा सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात इथून निघणाऱ्या पत्रकात तारीख, वेळ, पाणीपातळी, दशलक्ष घनफुटांतला साठा, त्याची टक्केवारी आणि क्युसेकमधला विसर्ग असे रकाने असतात. होळकर पुलाजवळचा प्रवाह आणि खाली नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून सुटणारे पाणी यांचे आकडेही रोज जाहीर होतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अंदाजे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी. या पत्रकात मारुतीचे नाव कुठेच नसते, कारण ते पत्रक ज्यांच्या हाती जाते त्यांतल्या अनेकांनी तो मारुती पाहिलेला नसतो. पैठणला जायकवाडीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या अभियंत्याला कमर कळून काही उपयोग नाही. त्याला किती क्युसेक, किती वाजल्यापासून, हे हवे असते.

तेव्हा दोन अहवालांपैकी एक बरोबर आणि दुसरा गावठी, असे नाही. घाटावरच्या दुकानदाराला क्युसेकचा आकडा दिला तर तो विचारणारच, म्हणजे पाणी कुठपर्यंत येणार? मात्र मारुतीचे माप पंचक्रोशीबाहेर चालत नाही आणि पुढच्या पिढीला चालेल याचीही खात्री नाही. औपचारिक अहवाल जन्माला येतो तो इथे. जागा, वेळ, परिमाण आणि मोजणारा या चारही गोष्टी त्यात उघड लिहाव्या लागतात, कारण वाचणारा त्या गृहीत धरू शकत नाही.

कामाच्या ठिकाणी होणारे बहुतेक अहवाल अनौपचारिकच असतात आणि तसेच राहावेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी बदलताना सुपरवायझर पुढच्याला सांगतो, की तीन नंबरच्या मशिनचा कूलंट गळतोय, सील बदललेय, मेंटेनन्सला कळवलेय, अजून आलेले नाहीत. दहा सेकंदांत काय बिघडले, काय केले आणि काय राहिले, हे तिन्ही येते. याला मथळा आणि प्रस्तावना लावली तर पाळी सुरूच व्हायची नाही. फक्त हीच माहिती लॉगबुकात वेळेसह एका ओळीत उतरली पाहिजे. कारण आठ दिवसांनी तेच सील पुन्हा गेले, तर आधी कधी बदलले होते हे सांगणारा माणूस त्या दिवशी सुट्टीवर असू शकतो. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत अशा बिघाडामुळे ग्राहकाकडून माल परत आला, की तीच माहिती ‘एट-डी’ नावाच्या आठ टप्प्यांच्या अहवालात मांडावी लागते. चमू कोण, दोष काय, तात्पुरता बंदोबस्त कोणता, मूळ कारण काय, कायमचा उपाय कोणता, तो लागू कसा केला, पुन्हा घडू नये म्हणून काय केले, आणि शेवटी चमूच्या कामाची दखल. कूलंटची गळती तीच. वाचणारा आता दुसऱ्या शहरात आहे, आणि त्याला सातपूरच्या सुपरवायझरचा शब्द पुरत नाही.

साधा अहवाल औपचारिक होत जातो तसा बदलतो कसा, हे गृहनिर्माण सोसायटीच्या एखाद्या प्रसंगातून चांगले दिसते. गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंना सोसायट्यांना तोटा नाही. समजा, सेक्रेटरींना एका रहिवाशाचा निरोप येतो: ‘काका, बी विंगच्या गच्चीवरची टाकी गळतेय, आमच्या बेडरूमला ओल आलीय, प्लंबरला बोलावू का?’ निरोप उत्तम आहे. शेवटी प्रश्न आहे, म्हणजे सेक्रेटरींनी काय करायचे तेही स्पष्ट आहे. पण त्यात एक निष्कर्ष गुपचूप शिरला आहे. रहिवाशाने ओल पाहिली. टाकी गळताना पाहिलेली नाही. ओल टाकीची असेल, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची असेल किंवा भिंतीत गाडलेल्या पाइपची असेल.

हाच विषय व्यवस्थापन समितीपुढे लेखी न्यायचा, तर पाहिलेले आणि वाटलेले वेगळे करावे लागते. उत्तर भिंतीवर छतापासून अंदाजे दोन फूट खालीपर्यंत ओल आहे, हे निरीक्षण. टाकी रिकामी ठेवल्यावर दोन दिवसांत ओल वाढली नाही, हेही निरीक्षण, आणि फार मोलाचे. त्यावरून गळती टाकीतून असावी, हे अनुमान. टाकी आतून रसायनाने बंद करून घ्यावी, ही शिफारस. मराठीतले कित्येक अहवाल या तिन्हींची एकच भेळ करतात. ‘टाकी गळत असल्याने ओल आल्याचे दिसून आले असून दुरुस्ती आवश्यक आहे’ हे वाक्य ऐकायला अधिकृत वाटते, पण त्यातले कोणते शब्द डोळ्यांनी पाहिलेले आणि कोणते डोक्याने जोडलेले, हे वाचणाऱ्याला वेगळे करता येत नाही. निरीक्षण चुकले तर पुन्हा मोजता येते, अनुमान चुकले तर दुसरे काढता येते. दोन्ही एकजीव झाले की सगळाच अहवाल मोडीत निघतो.

इमारत जुनी असेल तर पुढचा टप्पा येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचना तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करून घ्यायची असते. तपासणी करणाऱ्या अभियंत्याचा अहवाल काही वर्षांनंतर घर विकत घेणारा, बँक, महापालिका आणि वेळ आली तर न्यायालय, असे सगळे वाचू शकतात. त्यात कार्यकक्षा लिहावी लागते, म्हणजे काय तपासले आणि काय तपासले नाही. पद्धत लिहावी लागते: नुसते पाहिले, की हातोडीने ठोकून पाहिले, की काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला. छायाचित्रे आणि चाचण्यांचे तक्ते परिशिष्टात जातात. सारांश मात्र पहिल्या पानावर हवा, कारण समितीतले बरेच सभासद तेवढेच वाचणार, आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. सोसायटीच्या कपाटात याच्या शेजारी सभेचे इतिवृत्तही असते. ते अहवाल नव्हे. कोणता ठराव झाला, कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिले, याची ती नोंद. सभेत काय वाद झाला याचे रसभरीत वर्णन इतिवृत्तात घालणारे सेक्रेटरी पुढच्या सभेला हमखास अडचणीत येतात.

बोललेला शब्द औपचारिक कागद कसा बनतो, याची सर्वांत काटेकोर रीत पोलीस ठाण्यात पाहायला मिळते. प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली, तर अंमलदाराने ती लिहून घ्यायची, खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची, त्यावर त्याची सही घ्यायची आणि त्याची प्रत विनामूल्य द्यायची. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. सांगणारा घाबरलेला असतो, मागचे पुढे आणि पुढचे मागे सांगतो. लिहिणारा ते क्रमाने मांडतो. या मांडणीत मूळ सांगणे बदलू नये म्हणून वाचून दाखवण्याची अट आहे. कार्यालयातही ही सवय लावून घेण्यासारखी आहे. कोणाचे म्हणणे अहवालात घ्यायचे असेल तर मसुदा आधी त्याच माणसाला दाखवावा.

सरकारी कार्यालयांनी औपचारिक आणि अनौपचारिक यांच्या मध्ये आणखी काही पायऱ्या तयार केल्या आहेत, आणि त्या मोठ्या गमतीच्या आहेत. अर्धशासकीय पत्र हे एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावाने लिहिलेले असते. साधे पत्र पदाला उद्देशून असते. अर्धशासकीय पत्रात ‘प्रिय’ येते, आणि रेंगाळलेल्या अहवालाची आठवण करून देताना त्या प्रिय शब्दाला चांगलीच धार असते. त्याहून गमतीचा अनौपचारिक संदर्भ. मंत्रालयातला एक विभाग दुसऱ्या विभागाचे मत घेण्यासाठी पत्र न लिहिता संचिकाच पाठवतो. दुसरा विभाग तिच्यावरच आपला अभिप्राय लिहून परत करतो. पुढे शासन निर्णय निघतो, तेव्हा शेवटी छापले जाते की हा निर्णय वित्त विभागाच्या अमुक क्रमांकाच्या, अमुक दिनांकाच्या अनौपचारिक संदर्भान्वये मिळालेल्या सहमतीने निर्गमित होत आहे. क्रमांक आणि तारीख असलेला हा अनौपचारिकपणा.

या कार्यालयीन मराठीला १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने आणि पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने आकार दिला. पदनामांचे, शासनव्यवहाराचे, वाक्प्रयोगांचे कोश निघाले, आणि इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आला. हे काम मोठे होते. पण त्याबरोबर काही तयार वाक्येही रुळली, आणि ती अहवालांना सरसकट चिकटली. ‘निदर्शनास आले आहे’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘संबंधितांना कळविण्यात आले आहे’. कोणाच्या निदर्शनास, कोणती कार्यवाही, कोण संबंधित, कधी कळवले, या चारांपैकी एकाचेही उत्तर यात नाही. कर्मणी प्रयोग वाईट नाही. ‘दरवाजे सकाळी सहा वाजता एक फुटाने उघडण्यात आले’ हे वाक्य चोख आहे, कारण तिथे उघडणाऱ्याच्या नावापेक्षा वेळ आणि माप महत्त्वाचे. पण जबाबदारी ठरवायची असेल तिथे कर्ता लपवणारे वाक्य हा भाषेचा दोष राहत नाही, ती पळवाट होते.

याच भाषेतला एक शब्द मात्र शाबासकीला पात्र आहे: निरंक. कळवण्यासारखे काही नसेल तरी तसे कळवायचे. पूर नियंत्रण कक्षाला एखाद्या ठिकाणाहून आकडाच आला नाही, तर तिथे पाऊस झाला नाही, की पर्जन्यमापकाजवळ जायला माणूस नव्हता, की फोन बंद पडला, हे कळत नाही. रकान्यात निरंक आले की निदान कोणीतरी पाहिले होते, हे नक्की होते. खासगी कंपन्यांच्या ई-मेलमध्ये हा शब्द नाही, आणि तिथल्या निम्म्या गैरसमजांचे मूळ उत्तर न येण्याचा अर्थ सोयीप्रमाणे लावण्यात असते.

आकडा लिहिताना परिमाण आणि जागा सोडली तर काय होते, याला पाण्याच्या क्षेत्रात उदाहरणे भरपूर. एक क्युमेक, म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हा ३५.३ क्युसेकइतका असतो. दोन्ही शब्द कानाला जवळपास सारखे, आणि ‘विसर्ग एक हजार’ एवढेच लिहिले तर फरक पस्तीसपट. जागेचे महत्त्व २६ जुलै २००५ ने मुंबईला दाखवले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला ७३ च्या आसपास. ‘मुंबईत पाऊस किती झाला’ याचे उत्तर मापक कुठे होता ते सांगितल्याशिवाय देताच येत नाही. पावसाच्या आकड्याला पैशाचीही किंमत असते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानली जाते. मग महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी विभागाच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांचे संयुक्त पंचनामे होतात, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदतीचा हक्क येतो. द्राक्षबागेत उभ्या शेतकऱ्याचे ‘सगळे गेले’ आणि पंचनाम्यातली टक्केवारी यांच्यातले अंतर कागदावर भरून काढायचे, तर लिहिणाऱ्याला बागेत जावेच लागते.

औपचारिक अहवाल विरोधकही वाचणार असतो, ही गोष्ट लिहिणारे सहसा विसरतात. गोदावरी खोऱ्यातल्या पाण्याच्या वाटपावर हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१३ साली अहवाल दिला. त्याच्या आधारे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली आदेश काढला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र लागू झाले. वरच्या धरणांत गंगापूरही आले. तेव्हापासून पाऊस कमी पडलेल्या वर्षी ऑक्टोबरात नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा या अहवालातला एकेक तक्ता उलगडून भांडतात. २०२३ साली फेरअभ्यासासाठी आणखी एक अभ्यासगट नेमला गेला. असा अहवाल टिकतो तो भाषेच्या भारदस्तपणावर नाही. कोणती आकडेवारी कुठून घेतली आणि कोणते गृहीत धरून कोणता निष्कर्ष काढला, ही साखळी उघडी असेल तर विरोधकाला निदान नेमक्या कडीवर बोट ठेवता येते. ती झाकलेली असेल तर वाद अहवालावरून लिहिणाऱ्याच्या हेतूवर जातो.

माणसाविषयीच्या अहवालात ही कसोटी आणखी कडक होते. कर्मचाऱ्याचा वार्षिक गोपनीय अहवाल वर्षानुवर्षे त्याच्यापासूनच बहुतांशी गोपनीय राही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त खटल्यात प्रत्येक शेरा, चांगला असला तरी, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे असे ठरवले. ज्याच्याविषयी लिहिले तो वाचणार हे ठाऊक असले, की ‘कामात रस नाही’ असे मोघम वाक्य लिहिण्याआधी अधिकाऱ्याला कोणते काम, कोणत्या महिन्यात, हे आठवावे लागते.

आणि अनौपचारिक लिहिले म्हणून कोणी वाचणार नाही, ही समजूतही आता सोडावी लागते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये माहितीची व्याख्या करताना अहवालांबरोबर ज्ञापने, ई-मेल, अभिप्राय, सल्ले आणि लॉगबुकेही मोजली आहेत. सरकारी कार्यालयात वरिष्ठाला घाईत पाठवलेला दोन ओळींचा मेल हा त्या दृष्टीने अभिलेखच ठरतो. तेव्हा साधे लिहावे, थोडक्यात लिहावे, पण मेलच्या तळाशी तारीख आणि आकड्यापुढे परिमाण असावे, आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी.

काम संपल्यावर सरकारी कार्यालयातला प्रत्येक कागद वर्गीकरण होऊन अभिलेख कक्षात जातो. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे दहा, ‘क-१’ चे पाच, आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभराने नष्ट करतात. फोनवर आलेल्या निरोपाला यातला कोणताच वर्ग नाही.